काकाजींची लाइन

इंग्रजी भाषेत शब्दांचा ढीग आहे म्हणतात. आमच्या काकाजींना त्यातला एकच पुरला, आणि तो त्यांनी काटकसरीनं नाही, दोन्ही हातांनी उधळून वापरला. तो शब्द म्हणजे ‘लाइन’.

मी सबस्टेशनवर पहिल्यांदा हजर झाले तेव्हा हातात नेमणुकीचं पत्र होतं आणि अंगावर उमरेडच्या बसमधली सगळी धूळ होती. नागपूरच्या पार टोकाला तारेच्या कुंपणात आमचं सबस्टेशन. कोराडीच्या वीज केंद्राकडून आलेली वीज इथे उतरते आणि आजूबाजूच्या वस्त्यांना वाटली जाते. एक खोली, भिंतीला लागून पॅनेल, एक टेबल, एक कूलर आणि त्या कूलरचा सगळा वारा एकट्याच्या अंगावर घेत बसलेले काकाजी. उंच, वाळलेले, मिशा पांढऱ्या आणि चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते कोणी वापरल्याचं मला आठवत नाही. साहेबांपासून झाडूवाल्या बाईपर्यंत सगळ्यांचे ते काकाजी. त्यांनी माझं पत्र हातात घेतलं, न वाचताच टेबलावर ठेवलं आणि विचारलं,

“इंग्रजी येते काय वं पोरी?”

“हो जी. डिप्लोमा इंग्रजीतच झाला.”

“मंग ‘लाइन’ म्हणजे काय, सांग.”

मी पुस्तकातली व्याख्या सुरू केली. दोन वाक्यं झाली नसतील, त्यांनी हात वर केला.

“हे एक झालं. बाकीचे?”

बाकीचे मला येत नव्हते. तीन वर्षं कॉलेजात घालवून एक शब्द पुरता येत नाही म्हणून त्यांनी खरंच हळहळ व्यक्त केली आणि तिथल्या तिथे अट घातली. रोज ड्यूटीवर येताना ‘लाइन’चा एक नवा वापर आणायचा. पुस्तकातला चालणार नाही, माणसाच्या तोंडून ऐकलेला पाहिजे, आणि कोण बोललं, कुठे बोललं तेही सांगायचं. आणला तर चहा त्यांच्याकडून, नाही आणला तर माझ्याकडून.

पहिला आठवडा सोपा गेला. बसचा कंडक्टर ‘लाइनीनं चढा’ म्हणून ओरडला, तो एक. शेजारच्या काकूंनी आईला ‘तुही पोरगी कोन्त्या लाइनीत लागली?’ म्हणून विचारलं, तो दुसरा. माझा भाऊ मोबाइलच्या दुकानात कामाला लागला तेव्हा मामा म्हणाला, ‘आला एकदाचा लाइनीवर.’ एका नातेवाइकाची वर कुठेतरी डायरेक्ट लाइन होती, तिचा मला काही उपयोग झाला नव्हता, पण चहा मिळाला. रेल्वे लाइन, पाण्याची लाइन, सिव्हिल लाइन्स, क्रिकेटमधली लाइन हे त्यांनी ‘जुने’ म्हणून परत केले. आमच्या गेटसमोर मोटारसायकलवर घिरट्या घालणाऱ्या एका शहाण्याचा वापर मी लाजून आणला नाही, तर तो त्यांनी स्वतःच खिडकीतून पाहून माझ्या नावावर जमा केला.

सगळ्यात खूश झाले ते माझ्या बाबांवर. बाबा पूर्वी हातमागावर बसायचे. आता उमरेडमध्ये मागाचा आवाज पूर्वीसारखा राहिला नाही आणि बाबाही दुसऱ्या कामाला लागले, पण बाजारात लुगडं दिसलं की हात लावल्याशिवाय पुढे जात नाहीत. एका लुगड्याचा पदर बोटांवर धरून ते म्हणाले होते, ‘विणणाऱ्याचं ध्यान घरी होतं. लाइन भटकली.’ हे मी सांगितल्यावर काकाजी बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. “तुह्या बाबाले माहा नमस्कार सांगजो,” म्हणाले. त्या दिवशी दोन चहा झाले.

विदर्भाबाहेरच्या माणसाला ठाऊक नसेल, पण आमच्याकडे वीज जात नाही, लाइट जात नाही. आमच्याकडे लाइन जाते. उन्हाळ्यात फोन उचलला की पलीकडून तीनच शब्द येतात, ‘लाइन काहून गेली?’ काकाजी शांतपणे सांगायचे, “गेली नाई गा, थांबली आहे. येते.” एकदा पश्चिम महाराष्ट्रातून एक नवे साहेब बदलून आले. त्यांनी फर्मान काढलं की ग्राहकांशी बोलताना ‘वीजपुरवठा खंडित झाला आहे’ असं म्हणावं. काकाजींनी पहिल्याच फोनवर आज्ञा पाळली. पलीकडची बाई घाबरून म्हणाली, “अरे बापरे, मंग लाइन कवा येईन?” साहेब शेजारीच उभे होते. त्यांनी हात टेकले.

बदलत्या जमान्यातले शब्द काकाजी असे काही तपासून घ्यायचे की मला हसू आवरायचं नाही. साहेबांनी ‘या कामाची डेडलाइन आज आहे’ म्हटलं की हे गंभीर चेहऱ्यानं उत्तर द्यायचे, “साहेब, डेड लाइन असल तरच माणूस हात लावते.” तक्रारी ऑनलाइन झाल्या त्याचं त्यांना कौतुक नव्हतं. पण ‘ऑफलाइन’ हा शब्द ऐकला तेव्हा त्यांनी तो दोनदा म्हणून पाहिला. “म्हणजे माणूस पोलवरून खाली उतरला. याच्याहून चांगला शब्द इंग्रजीत नसन.”

गच्चीवर नेऊन ते मला उत्तरेकडे धुरकट दिसणाऱ्या कोराडीच्या चिमण्या दाखवायचे. “तिथून निघते अन् डोळ्याची पापणी लवाच्या आत तुह्या उमरेडले पोचते. तुले मात्र बसनं दीड तास लागते. आता सांग, शिकलेलं कोण?” दसऱ्याला मात्र ते कोणासाठी थांबायचे नाहीत. पांढरा सदरा, पांढरा पायजमा घालून दीक्षाभूमीला जायचे आणि दिवसभर आलेल्या लोकांना पाणी वाटायचे. ते स्वतः लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून तिथे पहिल्यांदा गेले होते, एवढं एकदा त्यांनी सांगितलं. परत आले की खांदे दुखत असायचे आणि चेहरा उजळलेला. “किती लंबी लाइन होती, पण कोणी कोणाले ढकललं नाई,” हे वाक्य मी दोन दसरे ऐकलं.

त्यांच्या उजव्या तळहाताची कातडी गुळगुळीत होती. कधीतरी भाजली असावी. एक हात पाहणारा ज्योतिषी पाणी प्यायला आत आला, त्यानं काकाजींचा हात धरला आणि गोंधळला. “याच्यात आयुष्याची लाइनच दिसत नाई, काकाजी.”

“बंद ठेवली आहे,” काकाजी म्हणाले. “चालू असती तर तू हात लावला असता काय?”

तो हात कसा भाजला, हे त्यांनी मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मला भीती वाटली की ते सांगतील.

आता मुद्द्याचं. तारेवर काम करायचं तर लाइन बंद करावी लागते. लाइनमनची टोळी सबस्टेशनवर येते, टोळीचा मुख्य माणूस परमिटच्या कागदावर सही करतो, आम्ही लाइन बंद करतो आणि मग ती माणसं पोलवर चढतात. काम झालं की तोच मुख्य माणूस परत येऊन दुसरी सही करतो की माझी सगळी माणसं खाली उतरली. मग आम्ही लाइन चालू करतो. ही झाली नियमातली पद्धत. काकाजींची त्याच्यावर आणखी एक होती.

टेबलावर त्यांनी स्टीलचं एक ताट ठेवलं होतं. पोलवर चढणाऱ्या प्रत्येकानं आपला खर्रा त्या ताटात ठेवायचा आणि मगच बाहेर पडायचं. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून चांगला घोटलेला आमच्याकडचा माल. बंदी आहे म्हणतात, पण नागपुरात तो मिळत नाही अशी गल्ली मला अजून सापडलेली नाही. पाच माणसं कामाला निघाली की ताटात रबर लावलेल्या पाच पुड्या. काम संपलं की प्रत्येकानं स्वतः येऊन आपली पुडी उचलायची. ताट रिकामं झाल्याशिवाय काकाजी लाइन चालू करायच्या हँडलला हात लावत नसत. बिन खर्र्याचा एक लाइनमन होता, त्याच्याकडून ते मोटारसायकलची किल्ली घ्यायचे आणि त्याच्याकडे जरा संशयानं पाहायचे.

“सही आहे ना काकाजी, मग हे कशाला?” मी एकदा विचारलं.

“सही एक माणूस पाचासाठी करते. त्याचं गणित चुकू शकते,” ते म्हणाले. “पण आपला खर्रा दुसऱ्याच्या टेबलावर सोडून नागपूरचा माणूस घरी गेला, हे पाहलं काय तू कधी?”

नव्हतं पाहिलं. लाइनमन कुरकुर करायचे, थट्टा करायचे, पण पोलवर चढताना निवांत असायचे. काकाजींची ड्यूटी आहे म्हटल्यावर घरी बायका निवांत असायच्या, असं बोरकरभाऊ म्हणायचे. बोरकरभाऊ म्हणजे आमच्या टोळीचे मुख्य लाइनमन, जाडजूड, घाईचा माणूस.

त्या वर्षी नवतपा सुरू होता. मे अखेरचे ते नऊ दिवस नागपूरकर फक्त काढतात, जगत नाहीत. काकाजींच्या निवृत्तीला महिना उरला होता. सकाळी तारेचा एक जोड जळाला, बोरकरभाऊ चार माणसं घेऊन आले, ताटात पाच पुड्या पडल्या आणि आम्ही लाइन बंद केली. तासाभराचं काम होतं. बाराच्या पुढे बोरकरभाऊ घामानं निथळत परत आले, परमिटवर सही केली, स्वतःची पुडी उचलली. मागून तिघं आले. त्यांनी आपापल्या उचलल्या.

ताटात एक राहिली.

“कोणाची?” काकाजींनी विचारलं.

“शालिकची,” बोरकरभाऊ म्हणाले. “असन इकडं तिकडं. उतरला तो. मी पाहलं.”

शालिक हा ठेकेदाराकडचा माणूस. तिशीतला, बारीक अंगाचा, बोलणं कमी. त्याला फोन लावला तर बंद. तिघांना विचारलं, तर प्रत्येकाला वाटत होतं की तो दुसऱ्याबरोबर आहे. “तू उतरताना पाहलं काय?” काकाजींनी बोरकरभाऊंना पुन्हा विचारलं. “त्याचे पाय जमिनीले लागताना?” बोरकरभाऊ चिडले. “काकाजी, सही केली ना मी! आता काय स्टॅम्प पेपरवर लिहून देऊ?”

तोवर गेटवर माणसं जमली होती. घराघरांतले कूलर बंद, पाण्याच्या मोटारी बंद, पोरं रडतायत. एक बाई पुढे आली. तिच्या सासऱ्यांना घरी ऑक्सिजनचं मशीन लावलं होतं. “जी, मशीन बंद पडलं, सिलिंडर थोडाच उरला आहे,” ती म्हणाली. ती ओरडली नाही, म्हणून मला जास्त लागलं. काकाजींनी तिला विचारलं की पलीकडच्या वस्तीत, जिथे लाइन चालू होती, तिथे कोणी ओळखीचं आहे का. नणंद होती. त्यांनी दोन लाइनमनना तिच्याबरोबर पाठवलं, म्हाताऱ्यांना मशीनसकट गाडीत घालून तिकडे पोचवा म्हणून.

मग त्यांनी डोक्याला दुपट्टा बांधला, मोपेडची किल्ली घेतली आणि मला म्हणाले, “मी एक एक पोल पाहून येतो. तोपर्यंत हँडलले हात नको लावजो. कोणी काई म्हणो.”

“काकाजी, बाहेर आग पडून राहिली.”

“म्हणूनच. तो वर असन तर त्याले बी लागून राहिली असन.”

ते गेले आणि पाचच मिनिटांत साहेबांचा फोन आला. परमिट परत आलं का? आलं. सही आहे का? आहे. मग लाइन का चालू नाही? मी म्हटलं, काकाजी येतील आता. साहेब म्हणाले, मला काकाजी नको, लाइन पाहिजे. मी म्हटलं, काकाजी येतील. असं चार वेळा झालं. शेवटी साहेबांचा आवाज थंड झाला. “तुमचा प्रोबेशन कधी संपतो, मॅडम? ही ऑर्डर आहे.”

मी शूर नाही. हे लिहिताना शूर असल्याचं सोंग आणता आलं असतं, पण काकाजींच्या चित्रात खोटा रंग भरवत नाही. मी उठले. हँडलवर हात ठेवला. उमरेडचं घर, बाबा, भावाची दुकानातली नोकरी, सगळं डोळ्यांसमोर आलं. गेटवर लोक ओरडत होते. टेबलावर ती पुडी होती, रबर दोनदा गुंडाळलेलं. मी हात काढला आणि खुर्चीत बसून रडले. फोन वाजत राहिला, मी उचलला नाही.

काकाजी सव्वा तासानं परतले. तोंड लालबुंद, ओठ फुटलेले. “कोणी नाई वर,” ते म्हणाले. “चालू कर.” मी लाइन चालू केली. बाहेर एकदम ‘आली, आली’चा गलका झाला आणि माणसं आम्हाला शिव्या देत घरी गेली.

शालिकचा फोन चार वाजता लागला. तो दातांच्या सरकारी दवाखान्यात होता. गेले काही महिने त्याचं तोंड नीट उघडत नव्हतं, भाकरीचा घास मोडून मोडून घालावा लागायचा. डॉक्टरांनी त्या दुपारची वेळ दिली होती आणि सांगितलं होतं की आता खर्रा सोडला नाहीस तर पुढचं आमच्या हातात नाही. पोलवरून उतरल्या उतरल्या त्यानं ठरवलं की पुडी आणायला जायचंच नाही. गेलो तर उचलू, उचलली तर खाऊ. सोबतच्यांना सांगायची लाज वाटली, हसले असते. म्हणून कोणाला न सांगता मागच्या रस्त्यानं निघाला, आणि तपासणी होईपर्यंत फोन बंद करून बसला.

काकाजींच्या पद्धतीत एवढीच एक खोट होती. खर्रा सोडणारा माणूस नागपुरात निघेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पुढचं सांगायला मला आवडत नाही. चौकशी लागली. परमिट नियमाप्रमाणे परत आलेलं असताना सव्वा तास वस्ती अंधारात, म्हणजे उन्हात ठेवली, कशासाठी? तंबाखूच्या पुडीसाठी. कागदावर ते वाचताना खरोखरच हास्यास्पद दिसत होतं. माझाही जबाब मागितला. मी रात्रभर विचार करून आले होते की लिहायचं, मी स्वतःहून थांबले. काकाजींनी मला कागद दिला, पेन दिलं आणि सांगू लागले.

“लिही. ‘वरिष्ठांनी मला हँडलला हात लावू नको असं सांगितलं, म्हणून मी लाइन चालू केली नाही.’”

“पण काकाजी, मी...”

“खोटं आहे काय त्याच्यात काई?”

“नाही.”

“मंग लिही. तुही लाइन आता सुरू झाली, पोरी. माही महिनाभराची आहे. कायले खराब करतं?”

मी लिहिलं. सही केली. त्या सहीची मला आजही लाज वाटते. प्रत्येक शब्द खरा होता, तरी वाटते. त्यांना ठपक्याचं पत्र आलं, इतक्या वर्षांच्या नोकरीतलं पहिलं, शेवटच्या महिन्यात.

पत्रापेक्षा त्यांना हसणं लागलं. साऱ्या विभागात ती गोष्ट पसरली. मोबाइलवर कोणी खर्र्याच्या पुडीला साहेबाची टोपी घातलेलं चित्र फिरवलं. ज्यांनी त्या ताटात रोज पुडी ठेवली होती, तेही हसले. आणि काकाजी त्या ऑक्सिजनवाल्या म्हाताऱ्यांना तीनदा पाहून आले. म्हातारे ठणठणीत होते, नणंदेकडे टीव्ही पाहून खूश झाले होते, पण काकाजी मला म्हणाले, “त्याले काई झालं असतं, तर मी कोणाच्या तोंडाकडे पाहलं असतं? एका रिकाम्या पोलसाठी.” मी म्हटलं, पोल रिकामा आहे हे तेव्हा कुठे माहीत होतं? ताट त्यांनी घासून घरी नेलं. मी एक दिवस मुद्दाम नवा वापर घेऊन आले, किराणा ओळीच्या बाजारातल्या एका हमालाच्या तोंडचा, चांगला होता. त्यांनी ऐकून घेतला, चहाचे पैसे काढून दिले आणि खिडकीबाहेर पाहत राहिले. चाळीस वर्षं आपण जे जपलं तो येडेपणा होता की काय, हा एकच प्रश्न त्या माणसाला आतून खात होता. मी त्यांना कितीही मानत असले, तरी ‘नव्हता’ म्हणणारी मी कोण? माझ्यासाठी त्यांनी लाइन थांबवली नव्हती.

निरोपाच्या दिवशी साहेबांना मीटिंग निघाली. शाल आणि नारळ शिपायाच्या हाती आले. बाकीचा कार्यक्रम लाइनमननीच केला, सबस्टेशनच्या आवारात कडुलिंबाखाली. तर्री पोहे, जिलबी, एक खुर्ची सजवलेली, त्यावर काकाजी. बोरकरभाऊ बोलायला उभे राहिले, ‘काकाजी म्हणजे’ एवढं म्हणाले आणि खाली बसले. काकाजींना बोला म्हटलं तर त्यांनी हातानंच नको म्हटलं. ज्या माणसाकडे प्रत्येक प्रसंगाला लाइन होती, त्याच्याकडे त्या दिवशी काही नव्हतं.

तेवढ्यात शालिक आला. त्या दिवसापासून तो काकाजींसमोर येणं टाळायचा. त्याच्यामागे एक बाई होती, हातात पिशवी, डोक्यावर पदर, चप्पल गेटजवळच काढून ठेवलेली. आमच्या कार्यक्रमांना लाइनमनच्या बायका येत नाहीत, त्यामुळे सगळे जरा सावरून बसले. शालिकनं खालमानेनं सांगितलं, ही घरची. मी नको म्हणत होतो, हिनंच ऐकलं नाही.

ती सरळ खुर्चीपर्यंत गेली. “ते काकाजी तुमीच काय जी?”

“हो माय,” काकाजी म्हणाले. मला वाटतं त्यांना वाटलं असावं की ही काही बोल लावायला आली. त्यांनी आपणहूनच सुरुवात केली. “माहीच चूक झाली. हा खाली उतरला होता, अन् मी उगाच...”

“दवाखान्यात होते,” ती म्हणाली. “मले माहीत आहे. साऱ्या वस्तीत हसतेत लोक. मले बी सांगून सांगून हासले.” तिनं पिशवी छातीशी धरली. तिला बोलायची सवय नव्हती, ते दिसत होतं. “म्हणून म्हटलं, एकदा पाहून येऊ. हे बारा वर्षं झाले ठेकेदाराकडं आहेत. वर चढतेत, उतरतेत. कोणाले नावबी माहीत नाई. यायच्यासाठी आजलोक कधी बस नाई थांबली जी. अन् तुमी एवढ्या लोकायच्या शिव्या खाऊन अख्खी लाइन थांबवली.”

कोणी हसलं नाही. बोरकरभाऊंनी तोंड फिरवलं. काकाजी सजवलेल्या खुर्चीवरून उठले, तो गुळगुळीत हात तिच्या डोक्यावर ठेवला, आणि तिला आपल्या जागेवर बसवलं.